सहा हजार सातशे आठ

वत्सलाबाईनं ती शोधनिबंधाची छापील पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली, मग शेवटून पहिल्यापर्यंत. इंग्रजी तिला येत नव्हतं. पण स्वतःचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते ठाऊक होतं. सन बासष्टपासून सहा वर्षं भावाची पाकिटं त्याच नावानं येत होती. पुस्तिकेत ते कुठंच नव्हतं. भावाचं, चुनीलालचं होतं, वरच, ठळक.

आकडे मात्र सगळे तिचे होते. चौथ्या पानावरचा तक्ता तिनं पाहताक्षणी ओळखला.

चुनीलाल झोपाळ्यावर बसून चहा पीत होता. दक्षिणेकडच्या एका वेधशाळेत तो नोकरीला. तिथं ताऱ्यांच्या उजेडाचे फोटो निघत, त्यातल्या रेघा तो मोजी, आणि मापांचे कागद आकडेमोडीसाठी पोस्टानं तिच्याकडे ब्राह्मणपुरीला येत. कारण गणिताचं आणि त्याचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. सातवीच्या फायनलला तालुक्यात पहिली आली होती ती. पण पुढं शिकवायचं दोघांतल्या एकालाच, म्हणून तो शिकला. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, तसं लॉगच्या कोष्टकांचं पुस्तक तिच्या हाती आलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि नागोबाला दूधही तीच पाजत होती.

पुस्तिकेतला हा तारा तिनंच पकडला होता. सगळ्या रेघा रुंद, आणि तरंगलांबीच्या सहा हजार सातशे आठच्या घरात एक जादा रेघ. 'चूक आहे, पुन्हा कर,' असं चुनीलालनं खरमरीत लिहिलं होतं. तिनं तीनदा मांडलं आणि कागदाच्या कडेला लिहिलं, 'चूक नाही. तू परत मोज.'

"माय म्हनस, गावमा पेढा वाटाना शेतस," तो म्हणाला. "तुले आनंद नही का, आक्का?"

"'तुन्हं नाव टाकसू,' आसं म्हनना व्हता तू."

"तठे बाहेरना मानुसनं नाव चालत नही." तो कपातच बघत होता. "पुढला खेपले दखसू."

"आनि बाईनं नाव छापीसन काय व्हई?" त्यांची माय सुगंधाबाई आतून म्हणाली. "भाऊनं उनं म्हंजे घरनंच उनं."

वत्सलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पदरानं पुसलं, आणि आजवर कधी न विचारलेलं विचारलं.

"ती रेघ कसाले उनी व्हती रे?"

विषय बदलला म्हणून चुनीलालला हायसं वाटलं. तो खुलून सांगू लागला. तारा म्हातारा झाला की फुगतो, लाल होतो, हळू फिरतो. ती रेघ लिथियम नावाच्या द्रव्याची; ते तर त्याच्या पोटात केव्हाच जळून गेलेलं असतं. पण हा म्हातारा गरगर फिरतोय, म्हणून रेघा रुंद, आणि अंगावर लिथियम भरपूर. कुणी म्हणतं, फुगता फुगता त्यानं जवळ फिरणारा एखादा ग्रहच गिळला असेल. त्या ग्रहाचं लिथियम याच्या अंगावर आलं, त्याची गती याच्या अंगात आली.

"बारकाले खाईसन मोठा ताजा व्हयना," तो हसून म्हणाला.

"आनि तो बारका?"

"त्यानं काय? तो संपना."

कप खाली ठेवून त्यानं पिशवीतून कागदांचा नवा गठ्ठा काढला. "हाई लई उनू. जराशी लवकर दे, आक्का. मोठा सायेब वाट दखी ऱ्हायना."

वत्सलाबाई उठली. फडताळातून फडक्यात बांधलेलं लॉगचं पुस्तक तिनं आणलं, गठ्ठ्यावर ठेवलं, आणि दोन्ही झोपाळ्यावर त्याच्या मांडीशी सरकवलं.

"आते तू मांड."

"मी? माले येस का ते!" त्याचा चेहरा उतरला. "इतला एक नावकरता, आक्का?"

तिनं पुस्तिकेचं चौथं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. सहा हजार सातशे आठवर बोट ठेवलं.

"त्या तारानी जे खादं ते आठे दखास तरी, चुनी."