मुलं अनवाणी हवीत

"आधी त्यांच्या पायांतलं सगळं काढून घे," समन्वयक बाई म्हणाल्या. "मुलं अनवाणी हवीत."

इंटर्नला काही कळेना. "पण आज बूटवाटप आहे ना?"

"म्हणूनच तर! पायात आहेत त्यांनाच बूट देताना फोटो कसा दिसेल? जरा डोकं चालव." बाईंनी तिच्या हातात एक रिकामं पोतं कोंबलं.

समाजकार्य शिकायचं म्हणून ती समुद्र ओलांडून या संस्थेत आली होती. आल्यापासून तिने खुर्च्या मांडल्या होत्या, खुर्च्या उचलल्या होत्या आणि पाहुण्यांसाठी फुगे फुगवले होते. समाजाची गाठ अजून पडायची होती. शिफारसपत्रावर सही मात्र बाईंचीच लागणार होती. तिने पोत्याचं तोंड उघडलं.

मुलांना तो खेळच वाटला. चपला, रबरी बूट, कुणाचे तरी मोठ्या भावाचे टाचा चेपलेले जोडे, सगळं धपाधप पोत्यात पडलं. गाय मारून जोडे दान करणारे निदान गाय तरी मारतात. इथे तेवढेही कष्ट नव्हते. ज्याच्या पायातले काढले त्यालाच दान.

खिडकीजवळची मुलगी तेवढी पाय बाकाखाली ओढून बसली होती. पायात लाल सँडल होते, दोन पट्ट्यांचे. उन्हाळाभर घालूनही आज सकाळपासून ते तिचे सगळ्या वर्गाला दाखवून झाले होते. इंटर्नला तर दोनदा.

"माझे नाही देणार. बाबांनी घेतलेत."

"हो गं राणी." इंटर्नने गुडघे टेकले. तिथली भाषा तिला मोडकीतोडकीच येई, पण लाडीगोडी लावण्यापुरती होती. "थोडाच वेळ. मग मी स्वतः तुझ्या पायात घालते. नक्की."

"नक्की?"

"अगदी नक्की."

मुलीने बक्कल स्वतःच काढलं आणि सँडल पोत्यात टाकले नाहीत, हळूच ठेवले.

देणगीदार साहेब आले. त्यांना घाई होती. त्यांनी सगळ्या वर्गाला मिळून एकच हसू दिलं आणि घड्याळ पाहिलं. फोटोवाल्याने पोरांवरून नजर फिरवली, बाजारात भाजी निवडतात तशी. "ही घ्या, हिचे डोळे मोठे आहेत," तो खिडकीजवळच्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाला. "आणि तुम्ही ताई, खाली बसून तिच्या पायात बूट घाला. साहेब मागे उभे राहतील."

एकदा घातले. उजेड नीट नव्हता, म्हणून काढून पुन्हा घातले. तिसऱ्यांदा मुलीला गुदगुल्या झाल्या आणि ती हसली.

"हसू नको गं," बाई म्हणाल्या. "जरा बिचारी दिस."

इंटर्नला वाटलं, बूट टाकावा आणि उठून चालू लागावं. ती उठली नाही. तिने एका पायाची लेस बांधली, मान वर केली आणि कॅमेऱ्याकडे बघून गोड हसली.

साहेब गेले. मुलांना बिस्किटं मिळाली. इंटर्न पोतं आणायला मागच्या खोलीत गेली, तर खोली लख्ख झाडलेली. बुटांची रिकामी खोकी नव्हती, पोतंही नव्हतं.

"कचऱ्याची गाडी येऊन गेली ना," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं सगळं उचला म्हणून. पोतं ठेवा, हे सांगायचं राहूनच गेलं बघ. अगं, तोंड काय पाडतेस? जुनीपुराणी पायताणं तर होती. नवे मिळालेच की सगळ्यांना!"

"सगळी जुनी नव्हती."

"मग काय, आता कचऱ्यात हात घालणारेस? सोड. फोटो काय सुरेख आलाय तुझा!"

संध्याकाळी आईबाप मुलांना न्यायला आले. कुणी खूश झालं, कुणी नुसताच मुलाचा हात धरून निघालं. मुलीचा बाप शेवटी आला. तो रंगारी होता. मनगटांवर पांढरा रंग वाळून तडकला होता. मुलगी त्याच्याकडे निघाली ती पाय ओढत, कारण बूट दोन बोटं मोठे होते.

"तुझे कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"ताईने घेतले. परत घालते म्हणाली."

बापाने इंटर्नकडे पाहिलं. ती शब्द शोधू लागली. "मी... फोटोसाठी... ते चुकून..." पुढचं तिला तिथल्या भाषेत येत नव्हतं आणि स्वतःच्या भाषेतही आलं नसतं.

बाप ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला. त्याने लेस सोडली, एकेक बूट काढला आणि जोडी नीट जुळवून टेबलावर, तिच्यासमोर ठेवली.

"ज्याच्याकडे नाहीत त्याला द्या," तो म्हणाला. त्याने मुलीला कडेवर घेतलं. कडेवर घेण्याचं तिचं वय नव्हतं. तिचे पाय त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. फाटकाबाहेर जाईपर्यंत ती मागे वळून इंटर्नकडे बघत होती. रागाने नाही. अजून ताई काहीतरी आणून देईल, अशा नजरेने.

इंटर्नचा फोन वाजला. संस्थेने फोटो टाकला होता. घरी आईला तो कुठून तरी मिळालाही होता आणि तिने तो घरच्या ग्रुपवर टाकला होता. 'ही बघा आमची लेक! परक्या देशात जाऊन पुण्य कमावतेय. पांग फेडलेस गं बाई!' खाली काका, मावशी, आत्या, साऱ्यांचे जोडलेले हात.

इंटर्नने फोटो मोठा केला. आधी स्वतःचं हसू दिसलं, त्याची तिला किळस आली. ते बोटाने बाजूला सारून तिने मुलीचं दुसरं पाऊल जवळ आणलं, बूट चढायचा राहिलेलं, उघडं. त्या उन्हाने रापलेल्या पावलावर, पट्ट्यांच्या जागी, दोन स्वच्छ गोऱ्या रेघा होत्या.