अठरा हजारांच्या आत

"नाही बसत." बँकेतल्या अधिकाऱ्यानं कागद परत सरकवला. "कर्जाला महिन्याची कमाई वीस हजार लागते. या मावशींना सतराच मिळतात."

घरबांधणी खात्यातल्या बाईंचं डोकं फिरलं. शनिवारची सुट्टी गेली ती गेली, वर हे. बढती हवी तर परवडणाऱ्या घरांचा हा वर्षभराचा अभ्यासक्रम करा, असा वरचा हुकूम. त्यात तिथल्या सरांनी जोडी लावून दिली या बँकवाल्याशी, आणि काम दिलं ते असं: खात्याच्या आणि बँकेच्या, दोन्ही योजनांत बसणारं एक कुटुंब शोधून आणा. खात्याची तीनशे घरं बांधून रिकामी पडली होती. एक कुटुंब म्हणजे हातचा मळ, असं बाईंना वाटलं होतं.

त्यांनी दवाखान्यातल्या आयामावशी निवडल्या. आईच्या शेवटच्या दुखण्यात मावशींनी पोटच्या मुलीसारखं केलं होतं. आता महिनाअखेर त्यांना खोली सोडायची होती आणि दुसरी परवडत नव्हती. बाईंनी शब्द दिला होता.

मावशींनी जादा पाळ्या करून वीस हजार गाठले, तर बँक हो म्हणाली असती. पण खात्याची मर्यादा अठराची, म्हणजे तिथून नाव उडालं असतं. इकडे आड, तिकडे विहीर. दोघांनी तीन शनिवार हुज्जत घातली. मर्यादा वाढवा की, असं तो म्हणे. माझ्या हातात काय आहे, वरून येतं सगळं, असं बाई म्हणत. शेवटी सरच वैतागले. वरून म्हणजे नक्की कुठून, ते तरी बघून या, म्हणाले.

सोमवारी बाईंनी तणतणतच मूळ फाइल मागवली. वरच्या साहेबांचा शेरा दरवर्षी एकच: 'खालून आल्याप्रमाणे मंजूर.' खालचा प्रस्तावही दरवर्षी एकच: 'मर्यादा गेल्या वर्षीप्रमाणे ठेवावी.' त्याखालची सही त्यांनी पाहिली. मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं. नऊ वर्षं मागे गेल्या. आता राग कुणावर काढावा, तेच त्यांना कळेना.

तेवढ्यात मावशी आल्या. पाळी संपवून थेट आल्या होत्या, पण टेकल्याही नाहीत.

"ताई, तुम्ही माझ्यासाठी खूप खपलात. आता हा नियम करणाऱ्या साहेबांना एकदा भेटवा मला. पाया पडते त्यांच्या."

बाईंनी उठून स्वतःची खुर्ची पुढे ओढली.

"बसा, मावशी," त्या म्हणाल्या. "माझ्या पाया पडू नका."