पाटाजवळची जागा

नूतननं प्लॅस्टिकची खुर्ची आणून थेट चौकाच्या कडेला ठेवली. "आत्या, हिच्यावर बसून गा."

चौकात पाटावर नूतनचा मुलगा प्रज्वल बसला होता, उघड्या अंगानं, हळदीची वाट बघत. बेलवलीतल्या या घरच्या प्रत्येक हळदीला बकुळाच धवलारीण. पाटाला गुडघा लावून जमिनीवर बसायचं, लग्नाची गाणी, म्हणजे धवले गायचे, पहिली हळद आपल्या हातानं लावायची.

"खुर्ची नको," बकुळा म्हणाली.

"मग उठताना? मागच्या लग्नात चौघींनी उचललं तुम्हाला. व्हिडिओ सोनिवलीपर्यंत गेला." नूतननं आवाज खाली घेतला. "राग मानू नका, पण आज झेपलं नाय तर पुढच्या हळदीपासून शीलामावशी गातील. घरात ठरलंय तसं."

शीला शेजारीच उभी होती. वयानं बकुळापेक्षा बरीच लहान, आवाज गोड, आणि शुगर आवाजापेक्षा गोड.

"भात सोडलाय हिनं," ती बकुळाकडे बोट दाखवत बायकांना म्हणाली. "मुठीएवढा खाते. बाकी नुसते वाल नि अंडी. आगऱ्याच्या बाईनं भात सोडला तर अंगात ताकद कुठली राहणार?"

"आणि रोज सकाळी दोन बाटल्या घेऊन अंगणात उभी," दुसरीनं भर घातली. "मी विचारलं, घरात संडास बांधलाय ना गो?"

बायका हसल्या. बकुळाही हसली. बाटल्या भरलेल्या असायच्या. डॉक्टरीणबाईंनी त्या व्यायाम म्हणून उचलायला सांगितल्या होत्या, आणि हात न टेकता खुर्चीतून उठायला. शुगरवाल्यांच्या मांड्या आधी झिजतात, त्या मजबूत केल्या तर शुगरही जरा ऐकते, म्हणाल्या होत्या. बकुळाला शुगरचं फारसं पडलं नव्हतं. तिला पाटाजवळची जागा हवी होती.

ती खाली बसली. गायली. वरच्या सुरात आवाज थोडा फाटला, पण एक ओळ चुकली नाही. प्रज्वलच्या कपाळाला, खांद्यांना, गुडघ्यांना तिनं हळद लावली. मग सगळा मांडव नवरदेवाला सोडून तिच्या गुडघ्यांकडे बघायला लागला. दोन-तीन मोबाइल वर झाले.

पहिल्यांदा ती अर्धी उठली आणि परत बसली. प्रज्वलनं चटकन हात पुढे केला.

"गप बस, नवरदेवा. पाटावरून हललास तर सगळे धवले पहिल्यापासून गाईन. मग तुझा डीजे गेला उद्यावर."

तिनं एक पाय पुढे रोवला. दोन्ही हात आपल्याच मांडीवर दाबले. तोंड वाकडं झालं, चांगलंच वाकडं. आणि ती उठली. वेळ लागला, पण उठली.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बघण्यासारखं काही झालंच नव्हतं. मोबाइल खाली गेले.

नूतन अजून खुर्चीची पाठ धरून उभी होती. बकुळानं खुर्ची तिच्याकडून काढून घेतली, एका हातानं उचलली आणि शीलाच्या मागे नेऊन ठेवली. शीला मघापासून मांडवाच्या खांबाला टेकून गुडघा चोळत होती.

"बस गो," बकुळा म्हणाली. "आणि उद्या सकाळी माझ्या अंगणात ये. बाटल्या भरून आण."