तारखेची जोडी

किसनराव आणि शालिकराम हे सख्खे भाऊ. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, हातभर जमिनीपायी नऊ वर्षं अकोल्याच्या कोर्टात भांडत होते. नारायणराव वकील रोज पेपरात जर्मनची लढाई वाचायचे, पण कुतूहल त्यांना या लढाईचं जास्त. कारण दर तारखेला दोघे भाऊ एकाच बैलगाडीतून उतरायचे.

शेवटी त्यांनी आपल्या अशिलाला, किसनरावाला, विचारलंच, "अहो, ज्याच्याशी भांडता त्यालाच गाडीत घेऊन येता?"

"वाटणीत एकेक बैल आला ना जी. जोडी केल्याबिगर अकोला गाठावं कसं?"

"मग वाटभर मुक्यानं बसता?"

"काहून? पऱ्हाटीचं, कापसाच्या भावाचं बोलतो, लेकीबाळीचं बोलतो. भाकर बी संगंच खातो."

वकिलांनी शालिकरामालाही आत बोलावलं. "मग मिटवा की! आजच तडजोड लिहून देतो. तारखांची कटकट संपेल."

शालिकराम हात जोडून म्हणाला, "तसं नका करू, वकीलसाहेब. धुरा मिटन, पण आमच्या पोरायच्या मनातलं नाही मिटत. ते गावात आमाले एकमेकाशी बोलू देत नाहीत. जोडी बी फक्त तारखेलेच जुपू देतात."