नाव कुठेही येणार नाही

“आधी ते बंद कर,” मावशी म्हणाली. “मग बोल.”

विद्यापीठातून आलेल्या पोरीने गुमान फोन बंद केला आणि पिशवीत टाकला. “केला बंद. तसंही तुमचं नाव कुठेही येणार नाही, मावशी. आमचा नियमच आहे तो.”

“नाव नसलं म्हणजे माणूस ओळखू येत नाही होय गं? तू जिन्यात होतीस तेव्हाच मला कळलं, परकं कोणीतरी येतंय. इथली माणसं मोडकी पायरी गाळून चढतात.”

पोरगी हसली. मावशी हसली नाही. लाकडी पेटीवर बसून ती उशीच्या खोळीला टाके घालत होती. गोदामाच्या फाटकात मुकादमाला भरदिवसा कोणीतरी भोसकून मारलं होतं. पोलीस आले, दारोदार विचारत फिरले, हात हलवत गेले. ना सुरी सापडली, ना माणूस. गल्लीने तोंडाला कुलूप घातलं होतं. आता ही आली होती, कुलूप का घातलं ते विचारायला. कायदा आणि समाज असा कसला तरी अभ्यास होता म्हणे त्यांचा. लोक डोळ्यांनी बघतात, मग साक्ष का देत नाहीत?

शिकलेल्यांना असले प्रश्न पडतात. ज्यांना गल्लीत राहायचं असतं त्यांना पडत नाहीत.

“थोडं पाणी मिळेल?”

“टेबलावर आहे, आपल्या हाताने घे. माझे गुडघे धरलेत. एकदा बसले की उठवत नाही.”

पाणी पिता पिता पोरीची नजर आतल्या खोलीच्या पडद्यावर गेली. पडद्याखाली दोन पावलं दिसत होती.

“मुलगा का?”

“हो. सोफे शिवतो. हल्ली घरीच आहे.”

“बाहेर पडत नाहीत?”

“कशाला पडेल? दिवस काय सरळ आहेत?” मावशीने दोरा दातांनी तोडला. “त्या दिवसापासून दाढीलासुद्धा खाली उतरू दिलं नाही मी त्याला. तोंडाचं जंगल झालंय. होऊ दे. एकुलता एक आहे. बाप गेला तेव्हा रांगत होता. लोकांच्या उशा शिवून शिवून वाढवलाय. उद्या तो गेला, तर तुझा कायदा मला दुसरा आणून देणार आहे?”

पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. चांगल्या घरची असावी, रडायची सवड होती तिला. “म्हणजे तुम्हाला माहीत आहे,” ती हळूच म्हणाली. “कोणी केलं ते.”

मावशीचा हात थांबला. पडद्याखालची पावलं मागे सरकली.

“मी आंधळी, मी बहिरी. तसंच लिही.”

“घाबरू नका हो. दारोदार गेले मी, सगळ्यांनी हेच सांगितलं. पण तुम्ही एकट्या नाही. एक जण तयार झालाय. त्याने त्या माणसाला पळताना पाहिलं, चांगला ओळखलासुद्धा. नाव अजून मलाही सांगितलेलं नाही. उद्या आमचे सर स्वतः त्याला जबाब द्यायला घेऊन जाणार आहेत. तुम्हीही चला. सोबत असली की भीती अर्धी होते.”

मावशीच्या कानशिलावर घामाचा थेंब उतरला. खिडकी उघडी होती, वारा येत होता, तरी उतरला.

“खुळी आहेस,” ती म्हणाली. “थाप मारली कोणीतरी तुला. त्या वेळी अख्खी गल्ली कामात मान घालून असते. सगळ्यांची तोंडं आत, पाठी रस्त्याकडे. पाठीला काय डोळे फुटतात?”

“पाठीला कशाला हवेत? समोर आरसा असला की झालं.”

बोलून गेली आणि तिने ओठ चावला. मग तिचा चेहरा निवळला. नाव काही घेतलं नव्हतं तिने. नियम पाळला होता.

सुई मावशीच्या बोटात शिरली. तिने बोट तोंडात घातलं ते बराच वेळ काढलं नाही.

“असेल बाई,” शेवटी म्हणाली. “छातीचा आहे म्हणायचा.”

“तोही घाबरलाय. पण झोप लागत नाही म्हणाला. मग, याल ना तुम्ही?”

“मुलाला विचारते. त्याला सोडून मी काही करत नाही.”

“नक्की विचारा.” पोरीने पिशवी खांद्याला लावली आणि मावशीचा हात दोन्ही हातांत धरला. तिचे हात ऊबदार होते, मावशीचा गार. “तुमच्यासारखी माणसं बोलली ना, की मग कायद्यात जीव येतो बघा.”

“जपून उतर. ती पायरी आहे लक्षात?”

पोरीची पावलं जिन्यावरून गेली. मोडकी पायरी तिने आठवणीने गाळली. लवकर शिकते, मावशीच्या मनात आलं.

खाली रस्त्यावर तिची चाहूल विरेपर्यंत मावशी हलली नाही. मग उठली, गुडघ्यावर हातसुद्धा न टेकता. खिडकीतून एकदा वाकून पाहिलं. गोदामाच्या फाटकासमोरच्या सलूनमध्ये दिवा लागला होता. एक गिऱ्हाईक खुर्चीतून उठून मान झटकत होतं.

तिने पेटीचं झाकण उघडलं. खोळींच्या तळाशी हात घातला, चिंधीत गुंडाळलेली सोफ्याचं कातडं कापायची सुरी बाहेर काढली आणि पडदा बाजूला केला.

मुलगा खाटेवर अंग चोरून बसला होता. “आई, काय झालं गं?”

सुरी तिने त्याच्या मांडीवर ठेवली.

“ऊठ,” ती म्हणाली. “सलून बंद व्हायच्या आत दाढी करून ये.”