वरचे चार दात

"आ कर बघू. मोठ्ठा!"

मुलीने तोंड उघडलं आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. वरचे पुढचे चारही दात काळेठिक्कर, हिरडीपर्यंत झिजलेले. एकाच्या मुळाशी पू झालेली पुटकुळी. खालचे दात मात्र शाबूत. हा सगळा बाटलीचा प्रताप, हे त्यांनी आरसा आत घालायच्या आधीच ओळखलं.

"बाटली तोंडात देऊन झोपवायचात ना हिला?" त्यांनी खुर्चीशेजारी उभ्या बाईला विचारलं.

"असेल."

"असेल? साखर घातलेलं दूध?"

"नक्की नाही सांगता येणार."

"मग मी सांगते. गोड दूध रात्रभर दातांवर साचून राहतं. तोंडातले जंतू त्यावर ताव मारतात, आम्ल सोडतात आणि दात पोखरला जातो. झोपेत लाळही कमी सुटते, मग ते धुऊन कोण नेणार? खालचे दात जिभेने झाकले, म्हणून वाचले. दात कधी घासले होते?"

"काल. आज सकाळीही घासले."

"काल! चार वर्षांची पोर आणि मुहूर्त कालचा लागला!" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "दुधाचेच दात, पडणारच आहेत, असंच ना? अहो, पडेपर्यंत तिने खायचं कशाने? आणि हे अवेळी गेले की मागून येणारे वेडेवाकडे येतात. इतके दिवस पोर कळवळत असेल. आई ना तुम्ही तिची? होतात कुठे?"

बाईचा चेहरा लालबुंद झाला. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मुलगी डोळ्याची पापणी न लववता तिच्याकडेच बघत होती.

"चुकलं," बाई म्हणाली. "आता काय करायचं ते सांगा."

पू झालेला दात काढावाच लागला. सुई टोचताना मुलीने बाईचं बोट घट्ट पकडलं. बाई दचकली, मग तिने ती इवलीशी मूठ दोन्ही हातांत धरून ठेवली.

"रोज दोनदा, तुमच्याच हाताने घासायचे," डॉक्टरीणबाईंनी घुश्शातच बजावलं. "पेस्ट वाटाण्याएवढी. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. बाटली आजपासून बंद."

बाईने एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली. परिचारिका मुलीला बाहेर खेळण्यांपाशी घेऊन गेली. दार लागलं.

हातमोजे काढताना डॉक्टरीणबाईंना राहवलं नाही. "एवढं ऐकून घेतलंत, पण एका शब्दानेही उलटून का बोलला नाहीत?"

"परवाच अनाथाश्रमातून घरी आणलंय तिला," बाई म्हणाली. "अजून मला कुठलीच हाक मारत नाही ती. तुम्ही मला तिची आई म्हणालात. तिच्यादेखत नाही कसं म्हणू?"