आठवी शाल

सत्काराची शाल खांद्यावर पडताच इंदुमतीबाई देवस्थळी आरोग्य सचिवांना म्हणाल्या, "ही आठवी. मी प्रत्येक वेळी दोन माणसे मागितली होती."

"बाई, तुमची संगणकप्रणाली सर्वांसाठी मुक्त आहे. जे फुकट मिळते, त्यासाठी पदे कशी मंजूर करायची?"

"राज्यातली चाळीस हजार कृत्रिम मूत्रपिंडे त्या फुकटावरच चालतात. तिच्यातले दोष काढणारी मी एकटी उरले होते. आता माझी दृष्टी गेली आहे."

सचिवांचा हात नकळत कमरेला बांधलेल्या तशाच यंत्राकडे गेला. "उद्याच पदे देतो!"

"काम शिकायला दोन वर्षे लागतात. दृष्टी जाण्याआधी मला सापडलेल्या नव्या दोषाने यंत्रे पुढच्या महिन्यात बंद पडतील."

छायाचित्रकाराने दोघांना जरा हसायला सांगितले. सवयीने दोघेही हसली.